डायॅडिक हार्मोनिक अॅनालिसिस: खरं गणित की नुसता सराव?

तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून मला तो कसा समजला ते आधी लिहितो. तुम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहून एम.एस्सी.चं दुसरं वर्ष करताय. प्रोजेक्टसाठी हार्मोनिक अॅनालिसिस (फंक्शन साध्या तुकड्यांत फोडून अभ्यासण्याचं शास्त्र) वाचायला घेतलं, तर जिथे बघावं तिथे सुरुवात डायॅडिक इंटरव्हलनेच: ० ते १ चे दोन भाग, दोनाचे चार, चाराचे आठ. तुमची शंका अशी की रेषेवरचा कोणताही बिंदू दुसऱ्यापेक्षा खास नसतो. मग आपणच पाडलेल्या खुणांवर सिद्ध केलेलं प्रमेय खऱ्या रेषेवर कसं चालायचं? हे विद्यार्थ्यांसाठी सोपं करून दिलेलं काहीतरी आहे का? आणि शेवटी विचारलंय, की तुमच्या महसूल मंडळाचे पावसाचे जुने आकडे तुमच्याकडे आहेत, त्यांवर यातलं काही लावता येईल का?

मी विदर्भातल्याच एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षं अॅनालिसिस शिकवतोय, आणि पावसाच्या आकड्यांवर विद्यार्थ्यांकडून अशी कामं करूनही घेतली आहेत. माझं मत आधीच सांगतो. डायॅडिक म्हणजे सराव नाही. या विषयातला बराचसा जीव तिथेच आहे. पण तुमची शंका शंभर टक्के बरोबर आहे. डायॅडिक जग आणि खरी रेषा यांच्यात खरोखर एक फट आहे, आणि ती कशी बुजवायची याचं नेमकं उत्तर मिळालं, म्हणून हा विषय गेल्या पंचवीसेक वर्षांत इतका पुढे गेला.

हे तुम्ही आत्ताच शिकावं का, ते मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे. लेबेग इंटिग्रल आणि एल-पी स्पेस झालेले नसतील, तर आधी ते करा. नाहीतर प्रत्येक ओळीवर अडाल. येत्या सहा महिन्यांत नेट किंवा सेट काढणं हेच घरच्या दृष्टीने महत्त्वाचं असेल, तर हा विषय थोडा मागे ठेवायला काहीच हरकत नाही. पण मेझर थिअरी बऱ्यापैकी झाली असेल आणि प्रोजेक्ट करायचाच असेल, तर एकट्याने, मोठ्या लायब्ररीशिवाय, कागद-पेन घेऊन करता येईल असा यासारखा दुसरा विषय मला माहीत नाही.

सगळं एका गोष्टीवर उभं आहे. कोणतेही दोन डायॅडिक इंटरव्हल घ्या: एक तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, नाहीतर एक पूर्णपणे दुसऱ्याच्या पोटात असतो. अर्धवट एकमेकांवर चढलेले असे दोन इंटरव्हल सापडणारच नाहीत. साध्या इंटरव्हलच्या बाबतीत हे खोटं आहे, आणि अॅनालिसिसमधली निम्मी डोकेदुखी तिथूनच येते. तुम्ही ‘अर्धेच का’ असं विचारलंत. तीन-तीन भाग केले तरी हा गुण टिकतो. अर्ध्यांत हिशेब सर्वांत सुटसुटीत होतो, इतकंच.

हे आकड्यांवर बघू. समजा आठ दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये असा आहे: ०, ०, १२, ४, ६०, २०, ०, ०. शेजारच्या दोन-दोन दिवसांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीतून दोन आकडे काढा: सरासरी, आणि पहिल्यातून दुसरा वजा करून येणाऱ्या फरकाचं निम्मं. सरासऱ्या आल्या ०, ८, ४०, ०. निम्मे फरक आले ०, ४, २०, ०. फरक बाजूला लिहून ठेवा आणि सरासऱ्यांवर पुन्हा तेच करा. सरासऱ्या ४ आणि २०, फरक −४ आणि २०. आणखी एकदा: सरासरी १२, फरक −८. आता हातात परत आठच आकडे आहेत: १२, −८, −४, २०, ०, ४, २०, ०. यांवरून मूळचा पाऊस जसाच्या तसा परत मिळतो, कारण सरासरीत फरक मिळवला की डावा भाग येतो आणि वजा केला की उजवा.

हेच हार ट्रान्सफॉर्म. यातला एकेक फरक एकेका डायॅडिक इंटरव्हलचा असतो, आणि तो सांगतो की त्या काळात पाऊस आधीच्या अर्ध्यात जास्त होता की नंतरच्या. −८ म्हणजे दुसऱ्या चार दिवसांत पाऊस जास्त. शेवटच्या चार दिवसांचा २० म्हणजे त्यातही तो आधीच उरकला.

एक पडताळा हाताने करून बघाच. मूळ आकड्यांच्या वर्गांची बेरीज १४४ + १६ + ३६०० + ४०० = ४१६०. आता नव्या आकड्यांचे वर्ग घ्या आणि प्रत्येकाला तो जितक्या दिवसांवर पसरलेला आहे त्या संख्येने गुणा. सरासरीचे ११५२, −८ चे ५१२, पुढच्या पायरीचे १६६४, शेवटच्या पायरीचे ८३२. बेरीज पुन्हा ४१६०. एकही एकक हरवलं नाही. ऑर्थोगोनल असण्याचा अर्थ हाच, आणि वर्गात व्याख्या पाठ करण्यापेक्षा तो असा जास्त पटतो.

आल्फ्रेड हार याने यामागची फंक्शन्स (इंटरव्हलच्या एका अर्ध्यावर अधिक, दुसऱ्यावर तेवढंच उणे, बाहेर शून्य) १९०९ साली ग्योटिंगेनला हिल्बर्टच्या हाताखाली लिहिलेल्या प्रबंधात मांडली आणि १९१० मध्ये ती छापून आली. त्याच्यासमोरचा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमातलाच आहे. द्यु ब्वा-रेमों याने १८७३ मध्ये असं कंटिन्युअस फंक्शन दाखवलं होतं की ज्याची फूरियर सिरीज एका बिंदूवर कन्व्हर्ज होत नाही. मग अशी एखादी ऑर्थोगोनल व्यवस्था आहे का, की जिच्यात प्रत्येक कंटिन्युअस फंक्शनची सिरीज नीट, युनिफॉर्मली कन्व्हर्ज होईल? हारच्या व्यवस्थेत हे दोन ओळींत निघतं. एका पायरीपर्यंतची बेरीज घेणं म्हणजे फंक्शनच्या जागी त्या पायरीच्या प्रत्येक इंटरव्हलवरची सरासरी लिहिणं. इंटरव्हल लहान झाला की कंटिन्युअस फंक्शन त्याच्यावर फारसं हलत नाही, म्हणून सरासरी मूळ किमतीला येऊन चिकटते. झालं. सरासरीला कोणी बिघडवू शकत नाही. फूरियरच्या बेरजेत चढउतार करणारा कर्नल, म्हणजे फंक्शनला गुणणारं वजन, मध्ये येतो आणि तो बिघडवतो.

आता या विषयाचं मुख्य हत्यार. इथे थोडं थांबा, कारण काल्देरॉन आणि झिगमुंड यांनी १९५२ मध्ये मांडलेली विभागणी ज्याला हाताने करता येते, त्याला पुढचं पुष्कळ आपोआप कळतं.

त्याच पावसावर एक रेघ ठरवा, समजा १५ मिमी. पूर्ण आठ दिवसांची सरासरी १२ आहे, म्हणजे रेघेखाली. आता अर्धे करा. डाव्या चार दिवसांची सरासरी ४, म्हणजे आणखी आत उतरायचं. उजव्या चार दिवसांची सरासरी २०, रेघेच्या वर. इथे थांबा. हा इंटरव्हल निवडला, त्याच्या आत आता बघायचंच नाही. डावीकडे उतरत जा: ०, ८, मग एकेक दिवस ०, ०, १२, ४. कुठेच रेघ ओलांडली जात नाही. म्हणजे निवडलेला इंटरव्हल एकच, पाचवा ते आठवा दिवस.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, निवडलेल्या इंटरव्हलची सरासरी १५ च्या वर आहे, पण ३० च्या वर जाऊच शकत नाही, कारण त्याच्या बापाची सरासरी रेघेखाली होती आणि अर्धा भाग बापाच्या सरासरीच्या दुपटीपलीकडे जात नाही. दुसरी, निवडलेल्या दिवसांची संख्या एकूण पाऊस भागिले रेघ यापेक्षा कमीच राहणार: ९६ भागिले १५ म्हणजे ६.४, आणि आपले दिवस आले ४. प्रत्येक बिंदूवर, त्याला पोटात घेणाऱ्या डायॅडिक इंटरव्हलांवरची मोठ्यात मोठी सरासरी लिहिली की ते डायॅडिक मॅक्सिमल फंक्शन; ते किती जागी रेघेच्या वर जातं याला मर्यादा घालणारा वीक-टाइप अंदाज तो हाच, आणि त्यातला स्थिरांक चक्क १ आहे. हार्डी आणि लिटलवुड यांच्या साध्या मॅक्सिमल फंक्शनसाठी, जे १९३० मध्ये आलं, तुम्हाला कव्हरिंग लेमा, म्हणजे एकमेकांवर चढलेल्या इंटरव्हलांतून सुटे निवडून देणारं छोटं प्रमेय, लावावा लागतो. इथे निवडलेले इंटरव्हल मुळातच एकमेकांवर चढत नाहीत, त्यामुळे लेमाची गरजच नाही. तिसरी, पाऊस दोन तुकड्यांत वाटला जातो. चांगला तुकडा म्हणजे ०, ०, १२, ४, २०, २०, २०, २०, जो कुठेच ३० च्या वर नाही. वाईट तुकडा म्हणजे ०, ०, ०, ०, ४०, ०, −२०, −२०, जो मोठा आहे, पण त्याची बेरीज शून्य आहे. ही शून्य बेरीज फार कामाची. सिंग्युलर इंटिग्रल (ज्याचा कर्नल एका जागी अनंताकडे जातो असं) लावलं की निवडलेल्या इंटरव्हलपासून दूर गेल्यावर हा तुकडा स्वतःलाच कापत जातो.

सातव्या-आठव्या दिवशी एक थेंबही पडलेला नाही, तरी ते दिवस निवडीत आले, हे माझे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. ते बरोबरच आहे. निवड इंटरव्हलची होते, दिवसाची नाही. किंमत केव्हा मोठी झाली यापेक्षा सरासरी पहिल्यांदा केव्हा मोठी झाली हे धरायचं, हीच या पद्धतीतली नजर आहे. प्रॉबॅबिलिटीवाले याला स्टॉपिंग टाइम म्हणतात, आणि हारच्या बेरजा त्यांच्या भाषेत मार्टिंगेल असतात. तुमच्या कॉलेजात मार्टिंगेल शिकवत नसतील तर काळजी नको. वरचा हिशेब जमला तर तुम्ही ते करून बसलाच आहात.

प्रॉबॅबिलिटीशी असलेलं हे नातं वरवरचं नाही. हारच्या आकड्यांची चिन्हं मनाला येतील तशी बदला. वर्गांची बेरीज बदलणार नाही, हे वरच्या ४१६० वरून दिसतं. पण एल-पी नॉर्मचं, म्हणजे वर्गाऐवजी पी-वा घात घेऊन मोजलेल्या आकाराचं काय? पेलीने १९३२ मध्ये याच्या मुळाशी असलेली असमानता दिली, आणि १९३७ मध्ये मार्सिन्कीएविचने ती हारच्या व्यवस्थेवर लावली: पी १ पेक्षा मोठा आणि सांत असेल तर नॉर्म एका ठरावीक पटीपलीकडे वाढत नाही. ती पट नेमकी किती हे बर्कहोल्डरने १९८४ मध्ये सांगितलं. पी आणि पी भागिले (पी वजा १) यांतला मोठा आकडा घ्या, त्यातून १ वजा करा. पी २ असेल तर उत्तर १ येतं, म्हणजे नॉर्म मुळीच वाढत नाही. वर्गांच्या हिशेबाशी हे जुळतं.

आता तुमच्या मूळ शंकेकडे.

आपल्याकडे दोन वावरांच्या मध्ये धुरा, म्हणजे बांध असतो. धुऱ्याच्या अलीकडची पऱ्हाटी आणि पलीकडची पऱ्हाटी यांच्यात हातभर अंतर, पण सातबारा वेगळा. डायॅडिक जगात अंतर असं सातबाऱ्यावरून मोजतात: दोन बिंदू ज्या सर्वांत लहान डायॅडिक इंटरव्हलमध्ये एकत्र येतात, त्या इंटरव्हलची लांबी म्हणजे त्यांच्यातलं अंतर. त्यामुळे ०.४९९९ आणि ०.५००० हे शेजारी असूनही त्यांचं डायॅडिक अंतर १ येतं, कारण १/२ वरचा धुरा मध्ये आहे. तुम्हाला खटकलं ते हेच.

पावसावर हे लगेच दिसतं. तीच झड एक दिवस आधी लागली असती तर आकडे असे असते: ०, १२, ४, ६०, २०, ०, ०, ०. तोच पाऊस, तेवढाच. पण हार ट्रान्सफॉर्म येतो १२, ७, −१३, ५, −६, −२८, १०, ०. पहिल्या खेपेला −८ होता, म्हणजे उत्तरार्ध ओला. आता ७ आहे, म्हणजे पूर्वार्ध ओला. आधी ६० आणि २० एका जोडीत होते, आता त्यांच्यामधून सरळ धुरा गेला. वर्गांची बेरीज पुन्हा ४१६० येते, करून बघा, पण ती कुठे किती साठली हे पार बदललं.

ही अडचण फक्त कागदावरची नाही. हवामान विभागाच्या रिवाजात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. पहाटे पाचला सुरू झालेला पाऊस दुपारी बारापर्यंत कोसळला, साडेआठच्या आधी ४० मिमी आणि नंतर ४० मिमी, तर दोन दिवसांच्या रकान्यांत ४० आणि ४० लिहिलं जातं. सात तासांत ८० मिमी पडला, नाल्याकाठचं सोयाबीन पाण्याखाली गेलं, तरी २४ तासांत ६५ मिमीची अतिवृष्टीची रेघ कुठल्याच दिवशी ओलांडली गेली नाही. खुणा कुठे पाडल्या यावर उत्तर बदलतं, ते असं. म्हणून मी तुमच्या शंकेला इतकं महत्त्व देतो.

यावरचा पहिला उपाय इतका सोपा आहे की तो बघून मला आजही आनंद होतो. सगळे धुरे एकतृतीयांशाने सरकवून दुसरी जाळी करा. ० ते १ च्या आतल्या पायऱ्यांचंच बोलू. एखाद्या पायरीवर इंटरव्हलची लांबी म्हणजे १ भागिले २ ची एखादी घात. त्या घातेला ‘घ’ म्हणू. पहिल्या जाळीचे धुरे म/घ या जागी आणि दुसरीचे म/घ + १/३ या जागी, जिथे ‘म’ पूर्णांक. एकीचा धुरा दुसरीच्या धुऱ्याच्या किती जवळ येऊ शकतो? म/घ आणि १/३ यांतला फरक म्हणजे (३म − घ) भागिले ३घ. वरचा आकडा पूर्णांक आहे, आणि तो शून्य होऊ शकत नाही, कारण २ च्या घातेला ३ ने भाग जात नाही. म्हणून फरक किमान १ भागिले ३घ, म्हणजे इंटरव्हलच्या लांबीचा तिसरा हिस्सा. संपली सिद्धता. आता कोणताही छोटा इंटरव्हल घ्या. त्याच्या तिपटीहून मोठी, पण सहापटीहून जास्त नाही, अशी लांबी असलेली पायरी निवडा. आपला इंटरव्हल दोन्ही जाळ्यांचे धुरे एकाच वेळी ओलांडू शकत नाही, म्हणून दोघींपैकी एकीच्या इंटरव्हलमध्ये तो पूर्ण मावतो. अर्ध्याने का नाही सरकवायचं? कारण १/२ हा स्वतःच डायॅडिक बिंदू आहे. पुढच्या पायऱ्यांवर धुरे जुन्याच जागी येतात.

यामुळे मॅक्सिमल फंक्शनचं काम तिथल्या तिथे होतं. कोणत्याही इंटरव्हलवरची सरासरी दोन डायॅडिक मॅक्सिमल फंक्शन्सच्या सहापटीखाली दाबली जाते. पूर्ण रेषेसाठी मोठ्या पायऱ्यांवर सरकवण्याची दिशा आलटून पालटून घ्यावी लागते, कल्पना तीच.

पण हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म (१/क्ष या कर्नलचं सिंग्युलर इंटिग्रल) यासारख्या ऑपरेटरमध्ये, म्हणजे फंक्शनवरून नवं फंक्शन देणाऱ्या क्रियेत, अधिक-उणे कापाकापी असते, तिथे नुसतं मावणं पुरत नाही. स्टेफनी पेटरमिख्लने २००० मध्ये जे दाखवलं त्याने अनेकांचे डोळे उघडले. तिचा डायॅडिक ऑपरेटर अगदी साधा आहे. प्रत्येक हार फंक्शनच्या जागी त्याच्या डाव्या अर्ध्यावरचं हार फंक्शन वजा उजव्या अर्ध्यावरचं हार फंक्शन, भागिले वर्गमूळ २, हे लिहायचं. चिन्हांचं चित्र काढा. मूळ फंक्शन −, −, +, + असं आहे. नवं −, +, +, − असं होतं. पहिलं साइनसारखं, दुसरं कोसाइनसारखं. आणि हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म साइन-कोसाइनची अशीच अदलाबदल करतो. आता जाळी सगळीकडे सरकवा, लहान-मोठी करा, आणि प्रत्येक जाळीवरच्या या ऑपरेटरची सरासरी घ्या. सरासरीला कोणताच धुरा लाडका राहिला नाही: ती सरकवण्याशी जुळते, ताणण्याशी जुळते, आणि आरशात बघितलं की चिन्ह बदलते. एल-टू वर (म्हणजे पी २ असताना) बाउंडेड, म्हणजे नॉर्म एका ठरावीक पटीपलीकडे न वाढवणारा, असा ऑपरेटर एकच, हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मची पट. ती पट शून्य नाही एवढं तपासलं की झालं. डायॅडिक ऑपरेटर एल-टू नॉर्म जसाच्या तसा ठेवतो, म्हणून सरासरीही बाउंडेड. एका अवघड ऑपरेटरचं बाउंडेड असणं असं हिशेबाच्या वहीतून बाहेर येतं.

पुढची वाटचाल थोडक्यात लिहितो. नाझारोव, त्राइल आणि वोल्बर्ग यांनी जाळी यदृच्छेने निवडण्याचं तंत्र आणलं. नॉर्म मोजताना आत गुणायच्या वजनांवर मकनहौप्टने १९७२ मध्ये एक अट दिली; त्या अटीतल्या स्थिरांकाच्या सरळ प्रमाणात हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मचा नॉर्म वाढतो हे पेटरमिख्लने २००७ मध्ये सिद्ध केलं, आणि तुओमास ह्युट्योनेनने तेच सगळ्या काल्देरॉन-झिगमुंड ऑपरेटरांसाठी, म्हणजे हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मच्या जातीच्या सिंग्युलर इंटिग्रलांसाठी, केलं. ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याची किल्ली होती, असा प्रत्येक ऑपरेटर यदृच्छ जाळ्यांवरच्या डायॅडिक ऑपरेटरांची सरासरी म्हणून लिहिणं. २०१३ मध्ये लर्नरने स्पार्स ऑपरेटर वापरून त्याची खूपच सोपी सिद्धता दिली. स्पार्स म्हणजे निवडलेल्या प्रत्येक इंटरव्हलला किमान निम्मा भाग असा, की जो दुसऱ्या कोणाच्या वाट्याला नाही. तुम्ही १५ मिमीची रेघ लावून जी निवड केली, तीच रेघ वाढवत वाढवत पुन्हा पुन्हा करा. स्पार्स कुटुंब तसंच तयार होतं.

सगळंच पलीकडे जातं असं मात्र समजू नका. बीएमओ स्पेस बघा, जी जॉन आणि नायरनबर्ग यांनी १९६१ मध्ये आणली: प्रत्येक इंटरव्हलवर फंक्शन आपल्या सरासरीपासून सरासरीने किती हलतं, ते एका मर्यादेत हवं. आता १/२ च्या डावीकडे ० आणि उजवीकडे लॉग १/(क्ष − १/२) असं फंक्शन घ्या. डायॅडिक इंटरव्हलांपैकी १/२ ओलांडणारा एकच, तो म्हणजे ० ते १ स्वतः. त्यामुळे डायॅडिक बीएमओमध्ये हे आरामात बसतं. पण १/२ भोवती चिमुकला इंटरव्हल घेतला, की अर्ध्या भागात ० आणि अर्ध्यात प्रचंड मोठ्या किमती. हलणं अमर्याद वाढतं. म्हणजे खऱ्या बीएमओमध्ये ते नाही. धुऱ्यावरची उडी डायॅडिक नजरेला दिसतच नाही. दोन्ही जाळ्यांच्या बीएमओमध्ये असेल तर मात्र खऱ्या बीएमओमध्येही असतं. माझ्या मते प्रोजेक्टचा गाभा हेच उदाहरण ठेवा. परीक्षकाला लगेच कळतं की विद्यार्थ्याला फट समजली आहे.

उपयोगाचं म्हणाल तर आठ आकड्यांसाठी आपण सात सरासऱ्या आणि सात फरक काढले. आकडे हजार असोत की लाख, कामही त्याच प्रमाणात वाढतं, जास्त नाही. त्यात बरेच फरक शून्याजवळ असतात, ते टाकून दिले की साठवण कमी लागते. मेयेर, माला, डोबेशी यांनी १९८०च्या दशकात हारच्याच कल्पनेची गुळगुळीत रूपं, म्हणजे वेव्हलेट, उभी केली. जेपेग २००० हा चित्रांचा प्रकार आणि अमेरिकेच्या एफबीआयची बोटांच्या ठशांची साठवण त्यांवर चालते. २००१ च्या व्हायोला-जोन्स पद्धतीत तर कॅमेरा चेहरा ओळखतो तो हारसारख्या चौकटींतल्या फरकांवरूनच.

तुमच्या पावसासाठी असं करा. १ जूनपासून १२८ दिवस घ्या, म्हणजे ६ ऑक्टोबरपर्यंत. १२८ ही २ ची घात आहे आणि आपला पावसाळा त्यात येतो. प्रत्येक वर्षाचा हार ट्रान्सफॉर्म काढा. आठ आणि सोळा दिवसांच्या पायऱ्यांवरचे फरक पावसाचा खंड कुठे पडला ते दाखवतात. मग जाळी एकेक दिवस सरकवून तेच करा आणि प्रत्येक दिवसासाठी उत्तरांची सरासरी घ्या. कोइफमन आणि डोनोहो यांनी १९९५ मध्ये आकड्यांतला गोंगाट काढायला हेच सुचवलं होतं. पेटरमिख्लच्या सरासरीशी त्याचं नातं तुमच्या लक्षात येईलच. दोन काळज्या घ्या. कोरा रकाना म्हणजे शून्य पाऊस नव्हे. तो वेगळा ठेवा, नाहीतर खोटे खंड दिसतील. आणि लहान फरक टाकून देताना जपून, कारण पावसात शून्यं फार असतात आणि मोठे आकडे हीच खरी माहिती असते. यातून पुढच्या वर्षीचा अंदाज निघत नाही. झालेल्या पावसाची रचना दिसते. गाईडना हे आधीच स्पष्ट सांगा.

लायब्ररीची अडचण तुम्ही लिहिली आहे. मेझर थिअरीची व्याख्यानं एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवर) फुकट आहेत. तुमचं कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि जर्नल्स देणाऱ्या योजनेचं) सभासद असेल तर लॉगिन ग्रंथपालांकडून मागून घ्या. पुष्कळ मुलांना ते असतं हेच माहीत नसतं. उन्हाळ्यात एमटीटीएसला, म्हणजे गणिताच्या प्रशिक्षण शिबिराला, अर्ज करा. १९९३ पासून चालणारा तो उपक्रम आपल्यासारख्या लहान गावांतल्या मुलांना फार उपयोगी पडतो.

सुरुवात आठ आकड्यांच्या दोन्ही हिशेबांपासून करा, मग एकतृतीयांशाची सिद्धता पूर्ण लिहा, आणि मग लॉगचं उदाहरण घ्या. तिथे एक गोष्ट स्वतः शोधा: सरकवलेल्या जाळीत १/२ ओलांडणारा इंटरव्हल प्रत्येक पायरीवर एक असतो, त्यात १/२ कडेपासून किती आत बसतो? इथपर्यंत केलेलं लिहून पाठवा, अडलं असेल तर कुठे तेही लिहा. वजनांचा भाग त्यानंतर घेऊ.